बिरोबाच्या माळावरचा फ्रीज

राजाबाईला सगळ्यात जास्त राग येतो तो ‘जरा’ या शब्दाचा. जरा मिक्सर फिरवते, जरा इस्त्री लावतो, जरा शेळी बसू दे की सोलरच्या सावलीला. माळशिरस सोडलं, कालवा संपला, विजेचे खांबही जिथं कंटाळून थांबले, त्याच्या पलीकडं बिरोबाचा माळ लागतो. माळावर धनगरांची वस्ती. त्या वस्तीची सगळी वीज राजाबाईच्या ताब्यात आहे, आणि सगळ्यांच्या ‘जरा’ची बेरीज तिच्या एकटीच्या डोक्यावर.

काही वर्षांपूर्वी एक संस्था आली आणि तिनं देवळासमोरच्या मोकळ्या जागेत सोलरच्या काचा उभ्या केल्या. माळाला वारा भरपूर, म्हणून शेजारी एक पवनचक्कीही बसवली. वस्ती तिला भिंगरी म्हणते. बाजूला बॅटऱ्यांची खोली बांधली. घरोघरी दिवे लागले, बोअरवर पंप बसला, आणि मग संस्थेच्या साहेबानं बैठकीत विचारलं, ‘‘बारा महिने वस्तीवर कोण असतं?’’ सगळे एकमेकांकडं बघायला लागले. दिवाळी झाली की बाप्ये मेंढरं घेऊन कालव्याच्या भागात उतरतात ते पावसाच्या तोंडावर परत येतात. राजाबाईही जायची. पण एका एडक्यानं धडक देऊन तिचा गुडघा कायमचा बसवला, तेव्हापासून ती घरीच. ‘‘मी असते की,’’ ती म्हणाली आणि तिथंच फसली.

शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नाही. त्याची गरजही पडली नाही. बॅटरीच्या पेटीवर तीन दिवे आहेत. हिरवा असला की राजाबाई माणसात असते. पिवळा लागला की ती भांडण उकरून काढते. आणि लाल लागला की सगळंच बंद पडतं, त्यामुळं तेव्हा तिच्या वाटेला कुत्रंही जात नाही.

पिवळा दिवा का लागतो, हे तिनं वस्तीला शंभरदा सांगितलंय. काचेवर ऊन पडलं पाहिजे, बाकी काही नाही. पण ऐकतंय कोण? पहिल्याच उन्हाळ्यात बायकांनी काचांवर कुरडया घातल्या. तापलेली, स्वच्छ, उतरती काच! कुरडयांना याहून चांगली जागा आख्ख्या तालुक्यात नव्हती. दोन दिवस पंप चालेना तेव्हा राजाबाई फणफणत गेली आणि सगळ्यांच्या कुरडया गोळा करून ज्याच्या त्याच्या दारात आदळल्या. त्यात तिच्याही होत्या, ती गोष्ट वेगळी.

कुरडयांचं निस्तरता आलं. नवऱ्याचं निस्तरता येईना.

येडू बिरोबाचा पुजारी. स्वभावानं गाय. कुणाशी वाकडं बोलायचा नाही आणि कुणाचं ऐकायचाही नाही. काचा देवळासमोर बसल्या, तेव्हापासून त्याच्या लेखी त्या देवाच्याच झाल्या. वस्तीवर असला की दर रविवारी पूजा आटोपून तो बाहेर येणार आणि मूठभर भंडारा काचांवर उधळणार. हळदीचा तो थर पुसता पुसता राजाबाईचे हात पिवळे व्हायचे.

‘‘अवं, झाकती की ती काच! तुमच्या भंडाऱ्यानं ऊन अडतंय!’’

‘‘देवाच्या भंडाऱ्यानं कदी काय अडलंय व्हय गं?’’ येडू शांतपणे विचारायचा. राजाबाई पुन्हा फडकं उचलायची.

फ्रीज आला तो गेल्या वर्षीच्या मरतुकीनंतर. पावसाळ्यात माळावर कोवळं गवत फुटलं की मेंढरं त्यावर अधाशासारखी तुटून पडतात आणि त्यातून आंत्रविषार होतो. सकाळी उड्या मारणारं मेंढरू संध्याकाळी पाय झाडत पडतं. गेल्या वर्षी वस्तीवर रोज कुठल्या ना कुठल्या दारात रडारड होती. लस टोचली असती तर वाचली असती, पण लस गार ठेवावी लागते आणि ती या माळापर्यंत गार पोचतच नव्हती. म्हणून जनावरांच्या डॉक्टर वैजयंती मॅडमनी खटपट करून एक छोटा फ्रीज मिळवला आणि बॅटरीच्या खोलीत ठेवला.

यंदा बिरोबाची जत्रा रविवारी होती. जत्रेला सगळे कळप घरी येणार आणि मंगळवारी पुन्हा आसपासच्या रानांत चरायला पांगणार, तेव्हा सोमवारीच टोचून घ्यायचं ठरलं. मॅडमना गाडी मिळाली शनिवारची. त्यांनी लशीच्या बाटल्यांचा डबा आणून स्वतः फ्रीजमध्ये ठेवला.

‘‘राजाबाई, सोमवारी मी येईपर्यंत दार उघडायचं नाही. आणि वीज जाता कामा नये. थंडावा मोडला की हे औषध दिलं काय आणि पाणी दिलं काय, सारखंच.’’

‘‘माजा जीव जाईल मॅडम, पर लाईट न्हाय जायची,’’ राजाबाई म्हणाली, आणि तिला ते शब्दशः म्हणायचं होतं.

रविवार उजाडला तो आभाळ घेऊन. भिंगरी तर अशी उभी, जणू तिलाही जत्रेची सुट्टी. सकाळीच पिवळा दिवा लागला. राजाबाईनं मागचापुढचा विचार केला नाही. फ्रीज सोडून सगळ्या घरांची, पंपाची, देवळाची लाईन बंद करून टाकली.

वस्ती तिच्यावर धावून आली. वर्षाची जत्रा, पाव्हणेरावळे आलेले, आणि मोबाईलला चार्जिंग नाही? हंडाभर पाण्याला पंप नाही? अजिनाथ नावाचा तिचा पुतण्या तर पुरुषभर उंचीचे भोंगे ट्रॅक्टरवर घालून आला होता.

‘‘चुलती, जरा गाणी लावतो. देवाचीच हायती.’’

‘‘तुजी मेंढरं मेली की लाव. तवा कुणी आडवायचं न्हाय तुला.’’

अजिनाथनं ट्रॅक्टर मागं वळवला. गेल्या वर्षी सगळ्यात जास्त मेंढरं त्याचीच गेली होती. पण बाकीचे हटले नाहीत. कुणी म्हणालं, राजाबाईला सत्तेचा माज आलाय. कुणी म्हणालं, देवाच्या दारात अंधार करणारी ही पहिलीच. राजाबाईनं सगळं ऐकलं आणि सव्याज परत केलं. ज्यांच्या जितराबासाठी ती उभी, तेच तिला शिव्या घालत होते. अशा माणसांचं भलं करायचं तरी कशाला, असं तिला मनापासून वाटलं. पण करायचं तर होतंच.

दुपारी ढोल घुमायला लागले, तेव्हा तिच्या लक्षात आलं की खरं संकट पुढंच आहे. पालखी देवळाबाहेर निघाली की भंडारा उधळणार, एकट्या येडूचा नव्हे, सगळ्या जमावाचा. आधीच उन्हाचा पत्ता नाही, त्यात काचा झाकल्या तर लाल दिवा ठरलेला. तिनं खोलीची किल्ली कनवटीची काढली आणि सुनेच्या हातात दिली.

‘‘रुपाली, तू खोलीपाशी बस. दिव्यावर ध्यान ठिव. लाल झाला की मला हाळी मार.’’

‘‘बरं आत्या.’’

आणि स्वतः दुखरा गुडघा ओढत काचांपुढं जाऊन उभी राहिली. हातात काठी. ‘‘काय उधळायचा त्यो माज्यावर उधळा! माज्या मागं गेला तर बगा!’’ लोकांनी तिचा शब्द खाली पडू दिला नाही. पहिली मूठ तोंडावर बसली, मग डोक्यावर, मग अंगभर. राजाबाई हळदीनं न्हाऊन निघाली. डोळ्यांत भंडारा, तोंडात भंडारा आणि त्या तोंडातून अखंड शिव्या. कुणा परगावच्या म्हातारीनं तर येऊन तिच्या पायावर डोकंच ठेवलं. राजाबाईनं तिलाही झापलं.

पण काचा बऱ्याचशा वाचल्या. दिवस मावळला तरी लाल दिवा लागला नव्हता. खोलीत येऊन तिनं फ्रीजच्या दाराला कान लावला. आत बारीक घुरघुर चालू होती. तिनं दार उघडलं नाही, मॅडमनी बजावलं होतं. ‘‘ऱ्हाईला गं बाई गार,’’ ती म्हणाली आणि तिथंच भुईवर बसली. रुपाली मात्र तिच्याकडं न बघता घाईघाईनं स्वयंपाकाला निघून गेली.

सोमवारी सकाळी मॅडम आल्या. सगळे कळप बाहेर कोंडून ठेवलेले, वस्ती खोलीपुढं जमलेली. काल शिव्या देणारेच आज पुढं. राजाबाईनं किल्ली फिरवली, मॅडमनी फ्रीजचं दार उघडलं, डबा काढला, झाकण काढलं आणि थांबल्या.

प्रत्येक बाटलीच्या बुचावर चिमूट चिमूट भंडारा होता.

‘‘हा डबा कुणी बाहेर काढला होता?’’

राजाबाईला वाटलं, आपल्याच हातची हळद लागली असेल. पण आपण तर दार उघडलंच नव्हतं. तिनं रुपालीकडं पाहिलं. रुपाली रडायला लागली. ‘‘मामा मागाय आले आत्या. मामास्नी न्हाई कसं म्हनू?’’

येडू पुढं झाला. त्याच्या तोंडावर अपराधाचा लवलेश नव्हता. उलट सगळी कामं वेळेत उरकल्याचं समाधान होतं. ‘‘म्या काडला हुता. पालखी निगायच्या टायमाला देवाम्होरं ठिवला, सांजच्या निवदापतूर. मंग परत हुता तसा ठिवला. आपल्यात कुटलं अवशिद देवाम्होरं ठिवल्याबिगर मेंढराला देत्यात?’’

आणि हे खरं होतं. या माळावर आजवर कुणी दिलं नव्हतं. झाडपाल्याचा रस असो की तालुक्याची पुडी, आधी देवापुढं, मग मेंढराच्या तोंडात. राजाबाईनं स्वतः आयुष्यभर तेच केलं होतं. मॅडम ‘दार उघडू नका’ म्हणाल्या तेव्हा तिच्या हे ध्यानातच आलं नाही, आणि नवऱ्यानं तिला विचारलं नाही. तो गाभाऱ्यात डबा ठेवून हात जोडत होता तेव्हा ती बाहेर तोंडावर भंडारा झेलत रिकाम्या फ्रीजची राखण करत होती.

जून महिन्यातली आख्खी दुपार डबा फ्रीजबाहेर! मॅडमनी डबा मिटला. ‘‘ही लस आता टोचता येणार नाही. दुसरी मागवते. पण वेळ लागेल.’’

वस्तीला वाटलं आता आभाळ फाटणार. पण राजाबाई तशीच वळून घरात गेली. त्या दिवसापासून येडूशी तिनं अबोला धरला. शिव्यांची सवय असलेल्या माणसाला तो फार जड गेला.

बरेच कळप लशीसाठी थांबले, आणि थांबले तिथं कोवळं गवत आलं. लस यायच्या आधी काही मेंढरं गेलीच. त्यात येडूची चांदी होती. आईविना वाढलेली, बाटलीनं दूध पाजलेली, त्याच्या मागं मागं देवळात येणारी मेंढी. तिला पुरून आल्यावर तो ओट्यावर बसून राहिला. पूजेची वेळ झाली तरी उठला नाही.

‘‘राजा,’’ शेवटी तो म्हणाला, ‘‘देवाला ठावं नसंल व्हय गं, गार ठिवाय लागतंय म्हनून?’’

इतके दिवस साठवलेलं सगळं राजाबाईच्या जिभेवर आलं होतं. त्याचं तोंड बघून तिला ते बोलवेना. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला. ‘‘देवाला समदं ठावं हाय,’’ ती करवादली. ‘‘तुमाला न्हवतं. आन मला इच्यारलं असतं तर देव काय खाली पडनार हुता?’’

दुसरी लस आली तीही शनिवारीच. मॅडम ठेवून गेल्या. त्या गेल्यावर राजाबाई घरात आली, देव्हाऱ्यासमोर उभी राहिली आणि बिरोबाचा चांदीचा टाक उचलला. तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेला. तो पदरानं पुसून ती बॅटरीच्या खोलीत गेली आणि क्षणभरच दार उघडून तिनं तो लशीच्या डब्यापुढं टेकवून उभा केला.

‘‘घ्या,’’ ती येडूला म्हणाली. ‘‘आता अवशिद देवाम्होरंच हाय. कुनाला कुटं न्ह्यायची गरज न्हाय.’’

ही बातमी वस्तीभर व्हायला कितीसा वेळ? देव फ्रीजात बसला म्हटल्यावर जो तो चप्पल काढून खोलीपुढं हजर. अजिनाथ आला, म्हाताऱ्या आल्या, लेकरं आली, कुणी नारळ घेऊन आलं. सगळ्यांच्या पुढं येडू, हातात भंडाऱ्याची वाटी.

‘‘राजा, जरा दार उघड की,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘जरा दर्शन घेतो.’’

जरा! राजाबाईनं फ्रीजच्या दाराला पाठ लावली, गुडघा दाबून धरला आणि काठी आडवी केली. ‘‘दर्शन सोमवारी! मॅडम आल्यावर! तवर समद्यांनी भाईरनंच हात जोडायचं!’’

येडूनं वाटी खाली ठेवली आणि बंद दाराला हात जोडले. मधे राजाबाई उभी होती, पण त्यानं तिला बाजूला हो म्हटलं नाही.