आजोबांच्या नावाची जागा

व्हेरिया या ग्रीक गावातला आमचा न्हावी अनेस्तिस जिभेने गोड, पण वडिलांपुढे त्याची शेळी होते. जुळं झालं तेव्हा रीतीप्रमाणे मुलाला आजोबांचं नाव मिळालं, लाझारोस. मुलीला बायकोच्या आईचं, देस्पिना. पोरं शाळेच्या शेवटच्या वर्गात आली आणि खासगी शिकवणीचा प्रश्न उभा राहिला. तिच्याशिवाय इथं विद्यापीठाचं दार दिसत नाही, हे शाळेतले मास्तरही मान्य करतात. पैसे एकाच्याच शिकवणीपुरते होते, तेही म्हाताऱ्याने पीचची बाग विकून उभे केले आणि जेवता जेवता निकाल दिला.

"माझं नाव डॉक्टर होणार."

देस्पिनाचं काय, हे कुणी विचारलं नाही. अनेस्तिसच्या ओठांवर आलं होतं म्हणे, पण घासाबरोबर त्याने ते गिळलं.

मार्चमध्ये शिकवणीचे फोतिस सर केस कापायला आले. मी बाजूच्याच खुर्चीत होतो. सर म्हणाले, रसायनशास्त्रात तुमचं लेकरू वर्गात पहिलं आलं. अनेस्तिसने लगेच सगळ्यांना कॉफी मागवली, "आजोबांचा मेंदू उतरलाय लाझारोसमध्ये!" सरांनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

"लाझारोस ऑक्टोबरपासून फिरकला नाही. मी देस्पिनाबद्दल बोलतोय. तुम्हीच पाठवलंत ना तिला त्याच्या जागी?"

अनेस्तिसची कात्री थांबली. "हो, आम्हीच," तो म्हणाला. कॉफी आली, पण कुणालाच गोड लागेना.

घरी काय झालं ते त्याने मला नंतर सांगितलं, मान खाली घालून. देस्पिना भावाचा शर्ट इस्त्री करत होती. बापाचा चेहरा बघून तिने ओळखलं.

"चुकलं माझं, बाबा. जागा रिकामी जात होती. उद्यापासून नाही जाणार."

माफी तिने मागितली. शरमला मात्र हा. शेवटी एवढंच म्हणाला, जात जा. आणि ठरवलं, उद्या वडिलांना खरं सांगायचं.

दुसऱ्या दिवशी म्हातारा नेहमीसारखा दाढीला आला. देस्पिना शिकवणीला जाता जाता बापाचा डबा ठेवायला आत शिरली. आजोबांनी साबण लावलेली हनुवटी वर केली.

"काय रे, माझं नाव कसं शिकतंय?"

वस्तरा हवेतच राहिला. देस्पिनाने बापाकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं.

"छान शिकतोय लाझारोस," अनेस्तिस म्हणाला.

देस्पिनाने डबा ठेवला, आजोबांना नमस्कार केला आणि वर्गाला उशीर होतोय म्हणून निघून गेली.