चढावरचा फोन

पुढे जे लिहितो आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. खात्यात नाही, घरातही नाही. नोकरीतल्या कितीतरी गोष्टी मी चारचौघांत रंगवून सांगितल्या. दरोडे, खून, पळून गेलेली पोरं. रस्त्यावरच्या अपघातांचा विषय निघाला की मात्र मी पाणी प्यायला उठायचो. ती एक घटना काही केल्या गेली नाही. आजही आठवते, आणि डोळ्यांपेक्षा कानांना जास्त आठवते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पारनेर तालुक्यातलं एक ठाणं माझ्या ताब्यात होतं. आमच्या हद्दीत मोबाईल असलेली माणसं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी. फोन होता, पण रेंज नव्हती. ती मिळायची नगर रस्त्यावरच्या एका चढावर. चढ उतरला की आवाज तुटायचा. म्हणून मोबाईलवाले गाडी घेऊन मुद्दाम तिथे जायचे, कडेच्या लिंबाखाली लावायचे, बोलायचे आणि परत यायचे. खालचा चहावाला त्यांची टर उडवायचा. म्हणायचा, "लोक शेळ्या चारायला आनत्यात, ही मंडळी फोन चारायला येत्यात." एखाद्याला फोन करायचा तर तो चढावर कधी असेल, हे आधी विचारून ठेवायची पद्धतच पडली होती.

या लोकांत एक ठेकेदार होता. रस्त्यांची कामं घ्यायचा. माणूस वाईट नव्हता. पुढाऱ्यांत ऊठबस होती, आणि ठाण्याला मांडव लागो की पाण्याचा टँकर, त्याला सांगितलं की काम व्हायचं. त्याच दिवसांत माझी बदली निघाली. लांब, जिल्ह्याबाहेर. मुलगी दहावीला होती. एके दुपारी एक पुढारी आमच्या विश्रामगृहावर थोडा वेळ थांबणार होता. ठेकेदाराने शब्द टाकला तर बदली थांबली असती. तो नगरहून येणार होता. चढावर आला की बोलू, असं आमचं सकाळीच ठरलं होतं.

अंदाज धरून मी ठाण्याच्या फोनवरून नंबर फिरवला. खोलीत एकटाच होतो. आधी लागला नाही, मग लागला.

तो म्हणाला, "साहेब, जरा लिंबाखाली घेतो गाडी, मग बोलतो."

मी म्हणालो, "थांबू नका. ते निघायच्या बेतात आहेत. चालवता चालवता बोला."

हे माझे शब्द. त्यात मी काही मिसळलेलं नाही, काही गाळलेलंही नाही.

तो गाडी चालवत बोलू लागला. पुढाऱ्याच्या सोबत कोण आहे, आधी कोणाच्या कानावर घालायचं, असं विचारत होता. रेंज जाईल म्हणून दोघेही घाईने आणि मोठ्याने बोलत होतो. मी त्याला मुलीच्या परीक्षेचं सांगत होतो, तेवढ्यात ब्रेक करकरला आणि आवाज झाला. रिकाम्या पिंपावर पोतं आपटावं तसा. फोन तुटला नाही. वाऱ्याची घरघर ऐकू येत होती आणि लांबून एक पुरुष कोणाला तरी हाका मारत होता. मी रिसीव्हर खाली ठेवला.

काही वेळाने एक टेम्पोवाला ठाण्यात खबर घेऊन आला. चढाच्या पुढे मोटारीने लुना उडवली, मागे बसलेली बाई जागीच गेली, माणूस जखमी आहे. हवालदार हे सांगायला माझ्या खोलीत आला तेव्हा मी टोपी घालून उभाच होतो. साहेबांना आधीच कळलं वाटतं, असं तो म्हणाला. बाहेरचं बोलणं ऐकू आलं, असं मी सांगितलं. त्या प्रकरणातलं माझं पहिलं खोटं ते.

आम्ही निघतो आहोत तोच ठेकेदार गाडीसह आवारात शिरला. अपघात झाला की लोकांच्या माराला भिऊन गाडीवाले बरेचदा थेट ठाणं गाठतात.  माझ्या जवळ येऊन हळू आवाजात एवढंच म्हणाला, "फोनवर तुमीच हुतात, साहेब." भ्यालेल्या माणसाचं ते बोलणं होतं. मला ते धमकीसारखं लागलं. पुढे तो ते कधी बोलला नाही. बोलायची गरज पडू नये याची काळजी मीच घेतली. त्याच्या गाडीत पुढच्या सीटखाली मोबाईल पडला होता. तो मी स्वतः उचलून खिशात घातला आणि मग पंचांना बोलावलं. पंचनाम्यात मोबाईल आला नाही.

मेलेल्या बाईचा नवरा गवंडी होता. विहिरींची बांधकामं करायचा. गावाबाहेरच्या बौद्धवस्तीत नवरा, बायको आणि नुकतीच शाळेत जाऊ लागलेली मुलगी, एवढंच घर. दोघं बाजार करून परतत होते. रस्ता सोडून उजवीकडे वस्तीच्या वाटेला वळताना मागून मोटार आली. दवाखान्यात त्याने आमच्या शिपायाला सांगितलं होतं की मी हात दाखवला होता, गाडीवाल्याने बघितलंच नाही. ते टिकलं असतं तर ठेकेदारावर खटला उभा राहिला असता, आणि तो का बघत नव्हता हेही आज ना उद्या निघालं असतं.

हाताला प्लास्टर घातल्यावर मी त्याला जबाबासाठी ठाण्यात बोलावलं. तो आला, डाव्या हातानेच जयभीम घातला. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. मारहाण, आरडाओरडा ही कच्च्या अधिकाऱ्याची हत्यारं. मुरलेला अधिकारी एकच प्रश्न शांतपणे, थोडा थोडा फिरवून विचारत राहतो. गुन्हेगार आपलं म्हणणं पाठ करून आलेला असतो, तो तग धरतो. खरा माणूस पाठ करून येत नाही, म्हणून तोच आधी डळमळतो. हे मला चांगलं माहीत होतं.

"हात दाखवला होता?"

"व्हय साहेब. दाखवला की. रोजच दाखवतो."

"रोजचं नको. त्या दिवसाचं सांगा. बायको मागून बोलत होती का?"

"व्हय. साखर घ्यायची राह्यली म्हनत हुती."

"तुम्ही काय म्हणालात?"

"उद्या आनू म्हनलं."

"म्हणजे लक्ष बोलण्यात होतं."

  मग पुन्हा पहिल्यापासून. हात कुठे काढला, वाटेच्या तोंडाशी असलेल्या झाडाच्या अलीकडे की पलीकडे. साखरेचं बोलणं तेव्हा संपलं होतं की चालू होतं. किती तरी वेळ. शेवटी तो टेबलाकडे बघत म्हणाला, "दाखवला आसंल, साहेब."

"असेल?"

"न्हाई आठवत. साखरंचंच बोलत हुतो आमी."

त्याचा उजवा हात माझ्यासमोर टेबलावर होता, मनगटाच्या वर मोडलेला. ठेकेदाराच्या मोटारीचा डाव्या बाजूचा आरसा मोडून लटकत होता, तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. जबाब लिहिता लिहिता हवालदाराने मान वर केली. म्हणाला, "साहेब, हात आत हुता तर मोडला कसा?"

"पडल्यावर मोडतो. लिहा."

त्याने लिहिलं. गवंड्याने डाव्या हाताचा अंगठा दिला.

अशा वेळी तपास मार्गी लागला असं आम्ही म्हणतो. ठेकेदाराचं नाव मागे पडलं, आणि इशारा न करता वळून पत्नीच्या मृत्यूस कारण झाला म्हणून गवंड्याविरुद्धच दोषारोपपत्र गेलं. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. कोणी दम दिला नव्हता. त्याला ते खरंच वाटू लागलं होतं.

त्यानंतर तो एकदा ठाण्यात आला, स्वतःहून. मुलीला तिचा मामा नगरला घेऊन गेला होता आणि परत पाठवत नव्हता. "तुमी येकदा सांगा त्याला, साहेब. तुमचं ऐकंल." मी मामाला बोलावून घेतलं. तो माझ्या टेबलासमोर बसला, मेहुण्याकडे न बघता बोलला.

"यानं सोताच कबूल केलंय. गप्पा मारत माझी भन मारली. आता त्याच लुनावर पोरगी बसवू का?"

मी गवंड्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. मी हात दाखवला होता, असं एकदा म्हणेल. तो म्हणाला, "बरोबर हाय त्याचं."

त्याच क्षणी मी तोंड उघडलं असतं तर मुलगी घरी गेली असती. मी म्हणालो, हा घरगुती मामला आहे, पोलिसांचा नाही. दोघं उठले. दारातून बाहेर पडताना गवंड्याने मला नमस्कार केला.

ठेकेदाराने पुढे शब्द टाकला आणि माझी बदली थांबली. म्हणजे तो माणूस मला पुढेही रस्त्यात भेटत राहिला. हात सरळ होत नव्हता, थापी धरता येत नव्हती. दुसऱ्याच्या हाताखाली सिमेंट कालवायचा. मला पाहिलं की काम थांबवून जयभीम घालायचा. मुदतीआधी नोकरी सोडली तेव्हा मी प्रकृतीचं कारण दिलं.

आता मोबाईल खिशाखिशात आहे आणि रेंज सगळीकडे आहे. कानाला फोन लावून गाडी चालवणाऱ्याला लोक शिव्या देतात, पोलीस पावती फाडतात. ते बरोबरच आहे. पण माझ्या कामातून मला कळलं ते निराळं. फोन दोघांचा असतो. समोरचा गाडीवर आहे हे कळूनही जो बोलणं थांबवत नाही, त्याचं नाव कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. तो रिसीव्हर ठेवतो आणि आपल्या कामाला लागतो. मी तर पंचनामाच करायला गेलो.

गवंडी अजून आहे. मुलगी मामाकडेच वाढली, आता कॉलेजात जाते. बापाशी बोलत नाही असं ऐकतो. तिच्यासमोर उभं राहून, तुझ्या बापाने हात दाखवला होता आणि फोन माझा होता, हे सांगणं माझ्याकडून राहिलं आहे. तेच सहीनिशी कोर्टाला लिहून देणंही राहिलं आहे.