तांदळाच्या पिठात कणीक

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय — पण सगळं सांगायला जमेल का?

मी आमगावात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. माझी धाकटी जाऊ सुनंदा चोरखमारा गावाकडची, भातावर वाढलेली. आमच्याकडे दोन्ही वेळा पोळ्या. लग्नाला वर्ष होत नाही तोच जुलाब, उलट्या. हाडं दिसू लागली. नागपूरच्या डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा तपासला आणि गहू बंद केला. कायमचा.

घरच्यांना हे समजावलं कुणी? मीच. लहान आतड्याला आतून मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, अन्नातला कस तेच शोषतात. हिच्या शरीराला गव्हातलं प्रथिन शत्रू वाटतं. राखणीच्या पेशी चवताळतात आणि आपलंच आतडं कुरतडतात — उंचवटे झिजून सपाट होतात. मग कितीही खा, अंगी लागत नाही. चिमूटभर गहूही पुरे.

सासूबाईंनी तिच्यासाठी वेगळा तवा आणला. वेगळा डबा, तांदळाच्या भाकरी, ‘सुनंदा जेवली का?’ — बारा वर्षांत हे मला कुणी विचारलं होतं? पण ते कारण नव्हे. बारा वर्षं मी उपाशी थोडीच होते?

स्वयंपाक माझ्याकडे होता. मी तिच्या तांदळाच्या पिठात — मूठभर कणीक मिसळली. एकदाच नाही. पावसाळाभर, दर वेळी डबा भरताना.

ती पुन्हा वाळली. तोंड आलं, केस गळाले. डॉक्टर म्हणाले, गहू पोटात जातोच आहे. सासूबाई कडाडल्या, “काऊन वो, चोरून खाऊन राहिली का तू?”

सुनंदा माझ्याकडे वळली. “ताई, तुमी तं रोज मले वाढता. सांगा न आईले.”

आणि मी? म्हणाले, “मी दिवसभर कॉलेजात असते. मागे तू काय खातेस, मला काय ठाऊक?”

दिराने तिला माहेरी सोडलं. तिथे काही महिन्यांत ती सावरली, आणि तेच तिच्यावर उलटलं — म्हणजे इथे चोरूनच खात होती! पुढे सोडचिठ्ठी झाली. दिराच्या दुसऱ्या लग्नात मी मिरवले.

पण खरं सांगायचं ते हे. माहेरी निघताना ती माझ्या पाया पडली. मी तिला धरून उठवलं, तर दंड माझ्या दोन बोटांत मावला. तिच्या आत काय झिजतंय, हे त्या घरात मला एकटीला कळत होतं. दया आली नाही. बरं वाटलं.