गाणी धरून बसलेला माणूस

माझ्या मायचा आवाज आता कुठेच उरला नाही, आणि तो घालवणारा मीच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी माझी कीव करत बसायला नको.

माय रोवण्यात गाणी म्हणायची. बांधीत वाकून धान रोवणाऱ्या बायांमध्ये ओळ उचलणारी ती, बाकीच्या तिच्या मागून. ही गाणी काही देवाधर्माची नव्हती. गावातल्या माणसांची नावं घेऊन बाया त्यांना सोलून काढायच्या. गावचा जमीनदार, म्हणजे मालगुजार, त्यालाही सोडलं नाही, त्याच्या माणसांनाही नाही. म्हातारपणी मी तिला खाटेवर बसवून सगळी गाणी मोबाइलमध्ये भरून घेतली. ती म्हणाली, "लोकायले ऐकव, पण कोणी म्हटलं ते नोको सांगू. त्यायचे नातू अजून गावातच आहेत."

गोंदियात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. इंटरनेटवर नाव न सांगता फायली वाटायची जाळी असतात, हे मला धंद्यामुळे ठाऊक होतं. तिथं कोण देतं, कोण घेतं, काही कळत नाही. फाइल ज्याच्याकडे आहे त्याचं मशीन चालू असेल तोवरच ती दुसऱ्याला मिळते. मायच्या अटीला हेच बरं, म्हणून गाणी तिथं टाकली.

माय गेल्यावर मोठ्या भावाला हे कळलं. तो तिरोड्याला राहायचा. एक गाणं वहिनीच्या आज्यावर होतं. आजा गावचा कोतवाल, मालगुजाराकडे चुगल्या नेणारा. भाऊ दुकानात येऊन तणतणला, "माझ्या बायकोच्या आज्याची अब्रू काऊन काढून राहिला? मिटवून टाक ते." मीही कमी नाही. कुठं टाकली, कशी सापडतात, सगळं त्याला सांगितलं आणि म्हटलं, आता काढूनच दाखव. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं.

ही गाणी किती जणांकडे आहेत याची जाळ्यात एक बिननावाची यादी दिसते; काही महिन्यांनी तिच्यात माझ्याशिवाय आणखी एकजण दिसू लागला. त्यानं सगळी गाणी घेतली होती आणि तो कधी जातच नव्हता. कुठल्यातरी थंड देशातला अभ्यासक असेल, मफलर गुंडाळून मायची शिवीगाळ ऐकत बसला असेल, असं मी मनात ठरवून टाकलं. सकाळी दुकान उघडलं की आधी त्याला बघायचो. आहे बुवा, म्हणायचो, आणि कामाला लागायचो.

मग भाऊ अचानक गेला. छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. बोलायचं राहिलं ते राहिलंच. मी धावत तिरोड्याला गेलो, सगळं होईपर्यंत तिथंच होतो. निघताना वहिनी म्हणाली, "भाऊजी, हे मशीन यायनं कधी बंदच नाही केलं. आता कोण पाहते? विहारातल्या पोरायले अभ्यासाले देऊन टाका."

मी प्लग काढला आणि मशीन दुकानात आणलं. गिऱ्हाइकाच्या फायली उघडायच्या नाहीत, हा माझा नियम आहे. त्याच इमानावर माझं दुकान चालतं. भावाच्याही उघडल्या नाहीत. खरं सांगायचं तर मनात रागही होता, त्याचं काही बघायचंच नव्हतं. सगळं पुसून साफ केलं, आणि विहारात नेऊन लावून दिलं. पोरं खूश झाली.

त्या सगळ्या धावपळीत सकाळी यादी बघायचं राहूनच गेलं, आणि थोड्याच दिवसांत माझी डिस्क बसली. दोन दोन कॉप्या ठेवा म्हणून गिऱ्हाइकांना झापणारा मी, आणि माझ्याकडे एकही नाही. तो जुना मोबाइल तर कधीच गेला होता. तरी मी घाबरलो नाही. आपला मफलरवाला आहे ना. दुसरी डिस्क टाकून जाळ्यात शिरलो, तर यादी रिकामी. दुसऱ्या दिवशीही रिकामी. अशा ठिकाणी माणसाला शोधायचं कसं? ना नाव, ना गाव, ना विचारायला कोणी. महिने गेले. रोज सकाळी तेच. कुठं मेला हा, म्हणून मी त्याला शिव्या घातल्या. जीव नुसता जळायचा.

भावाच्या पहिल्या स्मृतिदिनी तिरोड्याला गेलो. वहिनी वाढता वाढता म्हणाली, "हे रोज जेवताना सासूबाईचे गाणे लावत. माझ्या आज्याचं आलं की आवाज कमी करत. मीच म्हणायची, राहू द्या, खरंच होतं ते."

मी विचारलं, "त्यानं कुठून आणली?"

"तुमच्याच जाळ्यातून. मी म्हणायची, मशीन बंद करा, खोली तापून राहिली. तर म्हणत, बंद केलं तर लहान्याकडे एकट्याकडेच राहतील, त्याचं काही बिघडलं तर मायचे गाणे जातील."

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"मशीनसंगं तेही गेले असतील, मले कुठं समजते," ती म्हणाली. "पण तुमच्याजवळ तर असतीलच. मले मोबाइलात टाकून द्याल?"

मी हो म्हणालो. तिनं पदराला हात पुसले आणि आपला मोबाइल माझ्या ताटाशेजारी ठेवला.