सारांशरावांचा धडा

सारांशराव, ग्रंथपाल म्हणून तुम्ही सज्जन, पण वाचनालय बुडवायला तुम्हीच निघाला होतात. प्रत्येक कादंबरीच्या पहिल्या पानावर तुम्ही सारांश चिकटवायचात, खुनी कोण आणि लग्न कोणाशी यासकट. लोक उभ्या उभ्या तो वाचून पुस्तक परत फळीवर ठेवायचे. कादंबऱ्या कोणी नेईना, वाचनालय बंद व्हायची वेळ आली, तेव्हा तोंड पाडून माझ्याकडे, तुमच्या जुन्या वाचक बाईकडे, आलात.

"कोणाला काय हवंय आणि आडवं काय येतंय, एवढंच लिहा," मी म्हटलं. "पुढे गप्प बसा."

"अहो बाई, शेवट लपवणं म्हणजे वाचकाला फसवणं."

"फसवा की. त्यासाठीच येतात ते."

कुरकुरत तुम्ही एका कादंबरीचा नमुना लिहून आणलात: सून सासऱ्याची होडी विकायला जाते, तर होडीत कोणीतरी झोपलेलं असतं. बस्स.

"उद्या येताना हे पुस्तक आणा," मी लगेच म्हटलं. "माझे गुडघे वाचनालयाचा जिना चढत नाहीत."

वाचनालय तरलं, तुम्ही निवृत्तही झालात. पण ते पुस्तक म्हणे फळीवर कधी सापडतच नाही, सतत कोणीतरी नेलेलं. होडीत कोण होतं ते तरी सांगा म्हटलं, तर माझाच धडा मला ऐकवता. पुस्तक आणायचं मात्र अजून राहिलंच आहे.