वाटीतली पांढरी तूर
तूर निवडायला सुपात घेतली आणि लाल दाण्यांत एखादा पांढरा दिसला, की आंजी गावच्या ज्युनिअर कॉलेजातला तो तास आठवतो. जीवशास्त्राची कायमची जागा एकच होती आणि तासिकेवर शिकवणाऱ्या आम्ही दोघी. निवडीसाठी माझा नमुना पाठ आधी झाला, बरा झाला. मग दुसरी, माझी सहकारी, तिच्या पाठाला घरची तूर घेऊन आली, लाल-पांढरी मिसळलेली, एक टोपलीभर आणि एक वाटीभर. नव्या तुरीचा मातकट वास वर्गभर पसरला. मुलांनी डोळे मिटून टोपलीतून ओंजळी भरायच्या, वाटीतून मात्र चिमूटभरच दाणे काढायचे. निघाले ते दाणे म्हणजे पुढची पिढी, त्याच प्रमाणात भांडं पुन्हा भरायचं. दोन-तीन खेपांत वाटीतली पांढरी तूर संपली. टोपलीत दोन्ही रंग होते तसेच राहिले. "मॅडम, पांढरे दाने त चांगले टपोरे होते, मंग काऊन गेले?" एका मुलीनं विचारलं. "टपोरेपन टोपलीत कामी येते बाई. तिथं निसर्ग निवड करते. वाटीत त जो चिमटीत आला तोच टिकते," ती हसून म्हणाली. मागच्या बाकावर प्राचार्य मान डोलावत होते; माझ्या पाठाला ते घड्याळ बघत होते. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तिथूनच. जागा तिला मिळाली. आजही मी मनाला समजावते, उमेदवार दोघीच, म्हणजे ती वाटीच होती, चिमटीत कोण येईल याचा काय नेम. जागा मला मिळाली असती, तर मात्र ती टोपली होती असं मी शपथेवर सांगितलं असतं.