कोरा डोळा

सांगलीच्या पेठेत हळदीची प्रत ठरवणारे ते गृहस्थ आमचे शेजारी. आकाशातला एक तारा तीनेक दिवसांनी काही तास फिका पडे, कारण त्याच्यापुढून त्याचा अंधुक जोडीदार तारा जाई. त्याची नोंद ते वहीत ठेवत, पण स्वतः बघून लिहीत नसत. मला गच्चीवर बोलावून विचारत, "शेजारच्या ताऱ्यापरीस उजळ हाय का फिका?"

"तुम्हीच सांगा की."

"मला त्याची फिकं पडायची येळ म्हाईत हाय. भाव म्हाईत असला की हळदबी जास्त पिवळी दिसती."

एकदा मी हौसेनं वेळेचं गणित करून गेलो. म्हटलं, "आज साडेसातला फिका पडणार ना?"

त्यांनी वही मिटली, मला चहा पाजला. पुढच्या महिन्यात पाहिलं, तर त्यांच्या गच्चीवर समोरचा टांगेवाला मान वर करून उभा होता.